जुळ्यांचा माग माहेरच्या वाटेनं

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझं वय २९, लग्नाला दोन वर्षं झाली. सातारा जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत शिकवते. आता आम्ही बाळाचा विचार करतोय. माझे सासरे आणि त्यांचे भाऊ जुळे, इतके सारखे की गावातली माणसं अजून फसतात. सासऱ्यांचे आजोबाही जुळ्यातले एक होते म्हणे. सासूबाई सांगतात, ‘आपल्या घराण्यात एका पिढीआड जुळं येतं, आता तुझी पाळी.’ बाजारातून जोडकेळं आलं की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. त्यांच्या मनात वाईट काही नाही, पण मला धास्ती बसलीय. माझी उंची पाच फुटांच्या आत, वजन ४४ किलो, आणि मोठं हॉस्पिटल दीड तासावर. जाऊबाईंचं आणखी वेगळंच. त्या म्हणतात, ‘जुळं व्हायच्या गोळ्या मिळतात मेडिकलमध्ये, घे आणि एकाच बाळंतपणात मोकळी हो.’ माझ्या माहेरी जुळं कुणी नाही. फक्त आईच्या आईला पहिल्या खेपेला मुलगा-मुलगी अशी जुळी झाली होती, ती आठवड्याभरातच गेली. पण ते माहेरचं, आणि ती जगलीही नाहीत, तेव्हा ते धरायचं नसेल. मला जुळं होण्याची शक्यता खरंच किती आहे?

उत्तर : नमस्कार. ‘धरायचं नसेल’ म्हणून जे तुम्ही पत्राच्या शेवटी सोडून दिलंत, ते मला सगळ्यात आधी धरायचं आहे. सासरचं जुळं तुम्ही तीन ओळींत सांगितलंत, आजीचं एका ओळीत, तेही माफी मागितल्यासारखं. तुमच्या प्रश्नापुरतं बोलायचं तर त्या तीन ओळींचा तुमच्या पोटाशी जवळजवळ संबंध नाही. संबंध आहे तो आजीच्या ओळीचा.

आधी तुमच्या सासऱ्यांकडे येते. अगदी सारखी दिसणारी जुळी होतात तेव्हा स्त्रीबीज एकच असतं, त्याला भेटणारं पुरुषबीजही एकच. गर्भ धरल्यावर पहिल्या काही दिवसांत त्या एका गोळ्याचे दोन भाग होतात आणि दोन्ही भाग आपापले वाढू लागतात. हे असं का होतं, ते विज्ञानाला अजून नीट उलगडलेलं नाही. पण ते जगभर जवळपास सारख्याच प्रमाणात होतं, दर हजार बाळंतपणांत साधारण चार वेळा. जात, मुलूख, आईचं वय, खाणंपिणं, यांपैकी कशानंही हा आकडा फारसा हलत नाही आणि घराण्यातून तो सहसा चालत येत नाही. काही मोजक्या कुटुंबांत सारखी जुळी पुन्हा पुन्हा झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या अपवाद म्हणूनच नोंदवल्या गेल्यात. २०२१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा जुळ्यांच्या डीएनएवर काही समान खुणा सापडल्याचं प्रसिद्ध केलं. त्या खुणा डीएनएच्या अक्षरांत नव्हत्या, अक्षरांवर बसलेल्या रासायनिक ठिपक्यांत होत्या. त्या जुळं होण्याचं कारण आहेत की जुळं झाल्याची निशाणी, याचा निकाल अजून लागायचा आहे.

तेव्हा सासरे आणि चुलतसासरे एकमेकांची छबी आहेत, हीच तुमच्यासाठी दिलाशाची गोष्ट. असलं जुळं वारशानं येत नाही, त्यामुळे ते ‘तुमच्या पाळीला’ येण्याचंही काही कारण नाही.

वारशाचा प्रश्न येतो दुसऱ्या प्रकारात. बहुतेक महिन्यांत बाईच्या बीजांडकोशात एकच बीज पिकतं. क्वचित दोन पिकतात, दोन्ही फळतात आणि एकाच वेळी दोन वेगळी भावंडं वाढू लागतात. एक मुलगा एक मुलगी असं जुळं असेल तर ते याच प्रकारचं असणार, यात जवळपास शंका नसते. तुमच्या आजीचं जुळं म्हणूनच बोलकं आहे. ती बाळं जगली की गेली, यानं या हिशेबात काही फरक पडत नाही. आजीच्या शरीरानं एका महिन्यात दोन बीजं पिकवली होती, आणि हाच गुण आईकडून लेकीकडे येऊ शकतो.

तो येतो कसा? दर महिन्याला बीजांडकोशात बऱ्याच बीजांची वाढ एकदम सुरू होते. त्यांना पोसणारं एक संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतं, त्याला डॉक्टर एफएसएच म्हणतात. एक बीज पुढे निघालं की एफएसएच ओसरतं आणि मागे राहिलेली बीजं सुकून जातात. एखादीच्या रक्तात ते थोडं जास्त असेल, किंवा तिचे बीजांडकोश त्याला जास्त ओ देणारे असतील, तर दुसरं बीजही तग धरतं. २०१६ साली नेदरलँड्सच्या जुळ्यांच्या नोंदवहीवर काम करणाऱ्या डोरेट बूम्स्मा आणि त्यांच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी अशी जुळी झालेल्या आयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन जागा ठळकपणे पुढे आल्या. एक एफएसएचबी नावाच्या जनुकाजवळ, जे हे संप्रेरक बनवतं. दुसरी एसएमएडी३ या जनुकात, ज्याचा संबंध बीजांडकोश त्या संप्रेरकाला किती प्रतिसाद देतो याच्याशी आहे. त्यानंतरच्या अभ्यासांत आणखीही जागा सापडल्या. म्हणजे ‘जुळ्यांचं जनुक’ असं एकच काही नाही, थोडा थोडा हातभार लावणारी अनेक आहेत.

आता यात तुमच्या यजमानांचा वाटा बघा. समजा सासऱ्यांचे आजोबा ज्या जुळ्यातले होते ते दोन बीजांचं होतं, आणि त्या आईचा गुण उतरत उतरत तुमच्या यजमानांपर्यंत आला. तरी त्यांच्याकडे बीजांडकोश नाहीत. या महिन्यात तुमची किती बीजं पिकणार, हे तुमचं शरीर ठरवतं, त्यात त्यांच्या जनुकांचा काही अधिकार चालत नाही. तो गुण ते आपल्या मुलीला देऊ शकतात, आणि पंचवीस-तीस वर्षांनी तिच्या बाळंतपणात तो दिसू शकतो. ‘पिढीआड’ची समजूत इथूनच निघाली असावी, असं मला वाटतं. आजीला जुळं, मग मुलगा, त्याच्या घरी काही नाही, मग त्याच्या लेकीला जुळं. बघणाऱ्याला वाटतं मधली पिढी वगळली. मधे पुरुष होता, एवढंच झालं. आजीला मुलगी असती तर तिलाच जुळं होऊ शकलं असतं, एकही पिढी न वगळता.

याचा पडताळा फार पूर्वी मिळालेला आहे. १९६४ साली अमेरिकेत मॉर्मन पंथीयांच्या वंशावळींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या लोकांच्या वंशावळीत लेकी-सुनांच्याही नोंदी काटेकोर असतात, म्हणूनच तो होऊ शकला. दोन बीजांच्या जुळ्यातल्या असलेल्या बायकांना स्वतःला जुळं होण्याचं प्रमाण साधारण साठात एक निघालं. अशाच जुळ्यातल्या पुरुषांच्या बायकांमध्ये ते साधारण सव्वाशेत एक होतं, म्हणजे चारचौघींइतकंच.

आपल्याकडच्या वंशावळीत हे कधी सापडायचंच नाही. मला एक प्रसंग आठवतो. बरीच वर्षं झाली. एक सून पाचव्या आठवड्यात आली होती, घरचे जुळ्याच्या चिंतेत. सासऱ्यांनी मोठ्या कौतुकानं घराण्याची वंशावळ आणली होती, जाड कागदाची, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. सात पिढ्या. त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं, एवढे सगळे मुलगे जणू आपले आपणच जन्मले होते. मी तो कागद वाचून बाजूला ठेवला आणि दाराशी पिशवी धरून उभ्या असलेल्या मुलीच्या आईला आत बोलावलं. तिला विचारलं, तुमच्याकडे कुणाला जुळं? ‘नाही हो,’ म्हणाली. मग बोटं मोजायला लागली. थोरल्या बहिणीला एकदा झालं होतं, पण एक मेलंच निघालं. मावशीला झालं होतं, ती कर्नाटकात दिली होती. बोलता बोलता तिसरं बोट मिटलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. त्या बाईला हे सगळं ठाऊक होतं, पण तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिच्या मुलीला जुळंच होतं. ते माहेरकडून आलं की आपसूक झालं, हे एका उदाहरणावरून कुणालाच सांगता येणार नाही, पण तेव्हापासून मी पहिल्या भेटीत मुलीच्या आईला खुर्ची देते.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तुम्ही ‘किती’ असं सरळ विचारलंय. जगात सध्या दर हजार बाळंतपणांत सुमारे १२ जुळ्यांची असतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा ९च्या आसपास होता. वाढ झाली ती मुख्यतः वंध्यत्वावरच्या उपचारांनी आणि उशिरा होणाऱ्या बाळंतपणांनी. उपचारांविना आपोआप राहणारी जुळी आपल्या दक्षिण आशियात जगातल्या सर्वांत कमींपैकी, हजारात ९च्या आसपास किंवा त्याहून कमी. सोयीसाठी ९ धरा. त्यातली ४ सारखी जुळी, जी कुणालाही होऊ शकतात. उरली ५. आई किंवा सख्खी बहीण हिला दोन बीजांचं जुळं झालं असेल तर ही ५ साधारण दुप्पट होतात. तुमच्या बाबतीत नातं आजीचं, एक पायरी लांबचं, म्हणून वाढ त्याहून कमी. तरी आपण सढळ हातानं पूर्ण दुप्पट धरू. ५ची १० झाली, अधिक ती ४. एकूण हजारात १४. तुमच्यासारख्या हजार जणींपैकी ९८६ जणींना एकच बाळ होईल. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकून छातीत धस्स होतं, पण लहान आकडा दुप्पट झाला तरी लहानच राहतो.

यातही तुमचं पारडं आणखी हलकं आहे. वय वाढतं तसं एफएसएच वाढतं, म्हणून दोन बीजांची जुळी पस्तिशीच्या पुढेमागे जास्त दिसतात. तुम्ही २९च्या. आधी बाळंतपणं झालेल्या, उंच आणि अंगानं भरलेल्या बायकांमध्ये प्रमाण जास्त. तुमची ही पहिलीच खेप, उंची बेताची, वजन ४४. जोडकेळ्यानं बीजांडकोशावर काहीही परिणाम होत नाही, तेव्हा सासूबाईंनी काढून ठेवलेलं केळं खुशाल खा. तुमच्या वजनाला ते हवंच आहे.

कुणीतरी तुम्हाला केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोडिन्हीबद्दल सांगेलच, जिथे एका गावात शेकड्यांनी जुळी आहेत. गोष्ट खरी आहे. २०१६ साली तिथल्या जुळ्यांचे लाळेचे, केसांचे नमुने अभ्यासासाठी घेतले गेले, त्यात हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेचाही सहभाग होता. ठोस कारण हाती आलेलं नाही. नायजेरियात योरुबा लोकांच्या इग्बो-ओरा गावाचंही असंच. त्या भागात हजारात ४५ ते ५० जुळी मोजली गेली आहेत, तिथले लोक श्रेय भेंडीच्या पाल्याच्या कालवणाला आणि सुरणासारख्या यामच्या कंदाला देतात, आणि तेही सिद्ध झालेलं नाही. या गावांचे आकडे तुमच्या घराला लावू नका.

जाऊबाईंच्या गोळ्यांबद्दल मात्र मी हात जोडून सांगते, घेऊ नका. त्या बहुधा क्लोमिफीनच्या असतात. ज्या बाईचं बीज आपणहून पिकत नाही तिच्यासाठी ते औषध आहे, आणि तिलाही ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सोनोग्राफीनं बीजांची वाढ मोजत दिलं जातं. तशा उपचारातही शंभर गर्भारपणांत पाच ते दहा जुळी निघतात, कधी तिळी. ज्या शरीराचं एक बीज दर महिन्याला व्यवस्थित पिकतंय, त्याला मनानं हे औषध देणं म्हणजे बीजांडकोश सुजवून घेण्याची आणि पोटात किती बाळं राहतील याचा काही भरवसा न ठेवण्याची तयारी करणं. शिवाय ‘एकाच बाळंतपणात मोकळी’ हे शब्द ज्यांनी जुळ्यांची बाळंतपणं केली आहेत त्यांना पटायचे नाहीत. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवडे भरायच्या आत जन्मतात. आईला रक्तदाब, रक्त कमी होणं, बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव, या सगळ्याचा धोका वाढतो. तुमचं वजन, तुमची उंची, दीड तासाचा घाटरस्ता, हे सगळं डोळ्यांपुढे आणून हे लिहितेय. जाऊबाई तुमच्या भल्याचंच सांगत असतील. हा कागद त्यांनाही वाचायला द्या, म्हणजे त्या दुसऱ्या कुणाला तो सल्ला देणार नाहीत.

आणि समजा, हजारातल्या त्या १४ जणींत तुमचा नंबर लागलाच, तर? तर घाबरायचं नाही, पण लवकर कळायला हवं. दिवस राहिले की ११ ते १४ आठवड्यांमधली सोनोग्राफी चुकवू नका. त्या वेळी जुळं आहे का, याच्या बरोबरीनं आणखी एक गोष्ट दिसते, जी पुढे धूसर होत जाते. दोन्ही बाळांची वार, म्हणजे प्लासेंटा, वेगळी आहे की एकच. मी सोनोग्राफीच्या स्क्रीनवर बाळांमधला पडदा जिथे वारेला मिळतो तिथे नजर लावते. वारेचं टोक त्रिकोणासारखं दोन पडद्यांच्या मध्ये शिरलेलं दिसलं की मला हायसं वाटतं, वार वेगवेगळी. पडदा पातळ, दोऱ्यासारखा, वारेला काटकोनात टेकलेला दिसला तर वार एकच. मग एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहण्याचा धोका असतो, शंभरात साधारण दहा ते पंधरा वेळा तसं होतं, आणि म्हणून १६व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करावी लागते. रिपोर्टवर ‘जुळं’ एवढंच लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विचारा, वार एक की दोन? हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मुलगा की मुलगी हे मात्र विचारायचं नाही, सांगायचं नाही, १९९४च्या कायद्यानं त्याला बंदी आहे. आणि एक चुकीची समजूत पसरलेली आहे म्हणून सांगते. दोन वारी म्हणजे दोन बीजं, असं समजू नका. गोळा पहिल्या तीन दिवसांत दुभंगला तर सारख्या जुळ्यांनाही दोन वारी असतात.

त्याआधीची तयारी एकाच्या बाळंतपणालाही तीच. आजपासून फोलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. हिमोग्लोबिन तपासून घ्या, ४४ किलोच्या मास्तरीणबाईंचं ते बहुतेक वेळा कमीच निघतं. दिवस राहिल्यावर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, आशाताईंना सांगून ठेवा. जुळं निघालं तर गावात किंवा छोट्या नर्सिंग होममध्ये थांबायचं नाही, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग जिथे आहे तिथेच बाळंत व्हायचं. शेवटच्या महिन्यांत त्या शहरात राहायला कुणाकडे जागा आहे का, तेही यजमानांशी आत्ताच बोलून ठेवा. १०८ची गाडी येते, पण पावसाळ्यातला घाट तिच्याही हातात नसतो.

आता शेवटचं काम, आणि ते तुमच्या आईबरोबर बसून करायचं. एक कोरा कागद घ्या. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. खाली तुम्ही, वर आई, तिच्या शेजारी मावश्या, त्यांच्या वर आजी आणि आजीच्या बहिणी. लग्नानंतर ज्यांची नावं बदलली त्यांची माहेरची नावंही लिहा. प्रत्येकीसाठी आईला विचारा, जुळं झालं होतं का, आणि झालं असेल तर दोघं एकाच वारेवर होती असं कुणी सुईण म्हणाली होती का. ‘कुणाला जुळं आहे का?’ असं विचारलं तर ती जिवंत असलेलीच सांगेल. ‘झालं होतं का?’ असं विचारा. वडिलांची आई आणि आत्यासुद्धा त्याच कागदावर घ्या, कारण वडिलांकडूनही तुम्हाला निम्मं मिळालेलं आहे. तो कागद घडी करून पहिल्या तपासणीला घेऊन जा.

आजीच्या गोलाखाली एका टिंबातून दोन रेघा काढा, जुळं तसंच दाखवतात. एका रेघेला चौकोन, एकीला गोल, आणि दोन्हींवर एक तिरकी रेघ, ती गेलेल्यांसाठी. आठवड्यातच गेली म्हणजे बारसं झालं नसेल, नावं नसतील. तरी आईला विचारून बघा, आजी त्यांना काही म्हणायची का.